डायल-अपचा हिशेब : यंत्र एकदाच, मीटर रोज

दुकानात नवे यंत्र घेताना आपण त्याची किंमत विचारतो. ते चालवायला रोज काय लागेल, हे विचारायचे राहून जाते. घरच्या संगणकाला फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडण्याची जुनी पद्धत, म्हणजे डायल-अप, या बाबतीत चांगला धडा देते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे ही सेवा सर्वांसाठी खुली केली. वैयक्तिक खात्याला २५० तासांचे सुमारे ५,००० रुपये पडत, म्हणजे तासाला २०. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट.

संगणक व फोनची तार यांच्यामध्ये मोडेम बसे. तार माणसाच्या आवाजासाठी बनलेली. म्हणून मोडेम संगणकाचे अंक आवाजात बदलून पाठवी आणि आलेल्या आवाजाचे पुन्हा अंक करी. नंबर लागला की किरकिर ऐकू येई, नाव व सांकेतिक शब्द दिला की जोडणी होई. तेवढा वेळ घरचा फोन बंद. त्याच लाइनवरचा दुसरा रिसीव्हर कुणी उचलला की जोडणी तुटे.

आता डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावाचा विचार करा. मुंबईकराला मुंबईचा नंबर स्थानिक. इकडून लावला तर एसटीडी. म्हणजे तासाच्या २० रुपयांवर एसटीडीचे मीटर वेगळे. इंटरनेट तेच, पण गावाला अंतराचा भुर्दंड.

समजा, एखाद्या चिकूच्या व्यापाऱ्याला भाव विचारायचा आहे. चिकू उतरवला की थोड्याच दिवसांत पिकतो, म्हणून भाव वेळेवर कळण्याला मोल. दोन किलोबाइटचे पत्र दोनेक सेकंदांत जाई. वारली चित्रे विकणाऱ्या कारागिराने ३०० किलोबाइटचे छायाचित्र पाठवले तर चार मिनिटांहून अधिक लागत. म्हणून शहाण्याची रीत ठरलेली : पत्र आधी लिहून ठेवायचे, मग नंबर लावायचा, पाठवायचे, आलेले उतरवून घ्यायचे आणि फोन ठेवून सावकाश वाचायचे. चित्र पाठवायचेच तर लहान करून.

आज जोडणी मोबाईलवर सदैव चालू असते. मिनिटांचे मीटर गेले. पण मीटर संपलेले नाही, त्याने जागा बदलली आहे. घरबसल्या माल विकायचा तर विक्रीच्या संकेतस्थळाचे कमिशन, पाठवणीचा खर्च, परत आलेल्या मालाचा तोटा हे सगळे नव्या काळाचे एसटीडी आहे.

आमचे सांगणे एवढेच : नाव नोंदवण्यापूर्वी वहीत एका मालाचा पूर्ण हिशेब मांडा. विक्रीची किंमत वर लिहा, प्रत्येक कपात खाली. उरलेली रक्कम बाजारातल्या नफ्यापेक्षा जास्त असेल तरच पुढे व्हा.