पिवळ्या रंगाचा रिपोर्ट
विषाणूंच्या मागावर : लेखांक ७

मागच्या लेखांकात विषाणूचा स्वतःचा अंश शोधणाऱ्या चाचण्या पाहिल्या. आज विषाणू राहू दे बाजूला. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, कशी हुडकतात ते पाहू. पावसाळ्यात घरोघरी जिची चर्चा होते ती डेंग्यूची आयजीएम चाचणी उदाहरणाला घेतो; आयजीएम हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार.

ही चाचणी एलायझा पद्धतीची. १९७१ साली स्टॉकहोममध्ये ईवा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी ही पद्धत मांडली. नेदरलँड्समधल्या ऑर्गनॉन कंपनीचे दोन संशोधकही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथंच पोचले होते. त्याआधी असं सूक्ष्म मोजमाप करायचं तर किरणोत्सारी द्रव्य हाताळावं लागे. त्या जागी रंग आणणारं विकर आलं, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातही ही तपासणी शक्य झाली.

प्लॅस्टिकची तळहाताएवढी प्लेट, तिच्यात आठ गुणिले बारा, असे ९६ खळगे. खळग्याच्या तळाशी माणसाचं आयजीएम पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. रुग्णाचं सीरम पातळ करून आत सोडलं की त्यातलं आयजीएम तळाला अडकतं, मग ते डेंग्यूविरुद्धचं असो की आणखी कशाविरुद्धचं. प्लेट धुतात. आता डेंग्यूचं अँटिजेन घालतात. अडकलेल्यांपैकी कुणी डेंग्यूला ओळखत असेल तरच ते अँटिजेन टिकतं, नाहीतर पुढच्या धुण्यात वाहून जातं. मग त्या अँटिजेनला जाऊन चिकटणारं, विकराशी जोडलेलं प्रतिपिंड. पुन्हा धुणं. शेवटी एक रंगहीन द्रावण. ते काही मिनिटांत निळं होतं, आम्ल टाकलं की पिवळं, आणि हा पिवळेपणा यंत्र ४५० नॅनोमीटरवर मोजतं. यात सगळ्यात कंटाळवाणं काम धुण्याचं, आणि सगळं अवलंबून आहे तेही त्याच्यावरच. तिथं हयगय झाली की निरोगी माणसाचा खळगाही पिवळा पडतो. म्हणून प्रत्येक प्लेटवर खात्रीचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुनेही लावतात. निगेटिव्ह नमुनाच रंगला, तर अख्खी प्लेट बाद.

डेंग्यूसाठीचं असं किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपली एनआयव्ही, तयार करते आणि ते देशभरच्या सरकारी निगराणी प्रयोगशाळांना जातं.

आता खरी अडचण. ताप आल्या आल्या आयजीएम शोधायला जाणं व्यर्थ, कारण पहिल्या चार-पाच दिवसांत ते बहुधा रक्तात दिसतच नाही. तेव्हा एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन शोधायचं. उलट एकदा तयार झालेलं आयजीएम दोन-तीन महिने रेंगाळतं. जुलैत डेंग्यू होऊन गेलेल्याला सप्टेंबरात साधा फ्लू झाला, तरी रिपोर्ट डेंग्यू पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत आयजीजी हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार झपाट्याने चढतो, आयजीएम मात्र जेमतेम येतं, कधी सापडतही नाही. आजार गंभीर होण्याचा धोका दुसऱ्या खेपेलाच जास्त, आणि एकट्या आयजीएमवर विसंबलं तर चकवा बसतो तोही नेमका तिथंच. तापाचा कितवा दिवस हे ज्या नमुन्यासोबत लिहिलेलं नाही, त्याचा रिपोर्ट माझ्या मते अर्धाच. आपल्याकडे तो रकाना सर्रास रिकामा सुटतो.

दुसरा घोळ नातलगांचा. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर आणि झिका हे एकाच फ्लॅविव्हायरस कुळातले, त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या अँटिजेनलाही चिकटतात. चिकनगुनियाचं कूळ वेगळं, त्याचा हा त्रास नाही. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तो विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरमुळे. जिथं डेंग्यूही आहे आणि झिकाही, तिथं केवळ प्रतिपिंडांवरून दोघांत भेद करणं फार अवघड.

तरीही तो करायचाच असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर जिवंत विषाणू सोडतात, सोबत रुग्णाचं सीरम, आणि ते सीरम कुठल्या विषाणूला अधिक जोराने रोखतं ते बघतात. निकालाला कित्येक दिवस लागतात आणि अशी सोय मोजक्याच प्रयोगशाळांत आहे. त्या चाचणीबद्दल पुढच्या आठवड्यात.