कसोटीचा श्रोता

इस्राइल मोइसेयेविच गेलफांड यांच्या सेमिनारात व्याख्यान द्यायला मिळणं हा मॉस्कोच्या गणितविश्वात मोठा मान होता. मात्र ते व्याख्यान पुरं करून खाली बसता येईल याची हमी कुणी देत नसे. वक्ता फळ्यावर पहिली व्याख्या लिहीत असतानाच पुढच्या रांगेतून त्याला थांबवलं जाई. मग गेलफांड मागे वळून सभागृहावर नजर फिरवत आणि एखाद्या कोवळ्या विद्यार्थ्याला विचारत, आत्ता काय सांगितलं ते तुला कळलं का? कळलं असेल तर सांग. मुलाला सांगता आलं नाही, की वक्त्याने तीच गोष्ट पुन्हा मांडायची. तरीही जमलं नाही, तर बसलेल्यांपैकीच दुसऱ्या कुणाच्या तरी हाती खडू जाई आणि वक्ता आपलंच प्रमेय दुसऱ्याच्या तोंडून ऐके. ज्या मुलाच्या समजुतीवर व्याख्यानाची गाडी अडे किंवा चाले, त्याला तिथे कसोटीचा श्रोता म्हणत. हे काम कधी शाळकरी पोराकडेही येई.

आपल्याकडच्या सेमिनारांची घडी अनेकांच्या ओळखीची असेल. वक्ता पन्नास मिनिटं बोलतो, पहिल्या दहा मिनिटांनंतर बहुतेकांचा धागा सुटलेला असतो, शेवटी अध्यक्ष ‘काही शंका?’ असं विचारतात, दोनच माणसं शंका विचारतात (आणि त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं), मग टाळ्या, आभारप्रदर्शन आणि चहा. यात कुणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. चाळीस माणसांसमोर ‘मला काही कळलं नाही’ म्हणायला धीर लागतो, आणि जगातल्या बहुतेक गणित विभागांत तो धीर चहाच्या वेळी, एकेकट्याला गाठूनच गोळा होतो. गेलफांडांनी हे उलटं केलं. न कळणं ही त्यांच्या खोलीत लपवायची बाब राहिली नाही. कळलेलं नसताना मान डोलावणं मात्र तिथे धोक्याचं होतं.

हा सेमिनार १९४३ मध्ये सुरू झाला. युद्ध चालू होतं आणि गेलफांड तिशीचे होते. १९१३ मध्ये युक्रेनमधल्या ओकनी नावाच्या लहान गावात त्यांचा जन्म झाला. वडील गिरणीवाले, म्हणून नव्या राजवटीच्या दृष्टीने वर्गशत्रू. शालेय शिक्षण अर्धवट राहिलं. सोळाव्या वर्षी ते मॉस्कोला आले, मिळेल ते काम केलं, काही दिवस लेनिन ग्रंथालयाच्या दारावर उभे राहिले आणि संध्याकाळी विद्यापीठातल्या सेमिनारांत जाऊन बसू लागले. विद्यापीठाची पहिली पदवी नसतानाही १९३२ मध्ये त्यांना कोल्मोगोरोव यांच्या हाताखाली संशोधक विद्यार्थी म्हणून घेतलं गेलं. प्रवेशपत्राशिवाय मागच्या बाकावर बसून शिकलेल्या माणसाने पुढे स्वतःच्या सेमिनाराचं दार कुणालाही बंद ठेवलं नाही, यात मला नवल वाटत नाही. हा सेमिनार शाळेतल्या साध्या मुलांसाठी, बऱ्या विद्यार्थ्यांसाठी, हुशार संशोधकांसाठी आणि असामान्य प्राध्यापकांसाठी आहे, असं ते गमतीने सांगत. चढत जाणाऱ्या त्या विशेषणांत प्राध्यापकांना काढलेला चिमटा आहेच.

वार सोमवार, वेळ संध्याकाळची. १९५३ मध्ये विद्यापीठ लेनिन टेकड्यांवरच्या नव्या उंच इमारतीत गेलं, तेव्हा सेमिनारही तिथल्या चौदाव्या मजल्यावर चढला. ठरलेल्या वेळेला तो क्वचितच सुरू होई. लोक आधीपासून जमत आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत घोळके करून उभे राहत. गेलफांड अर्धा तास, कधी त्याहून उशिरा येत, आले तरी लगेच आत न जाता चार जणांशी बोलत, कोण काय करतंय ते विचारत. आत गेल्यावरही व्याख्यानाआधी बराच वेळ बातम्यांत जाई. ज्याचं नाव जाहीर झालं आहे तोच बोलेल असं नसे आणि एकाचं व्याख्यान पुढच्या सोमवारी, त्याच्याही पुढच्या सोमवारी लांबू शके. रात्री इमारत बंद करायची वेळ झाली, की नाइलाजाने उठायचं.

वेळेचा हा अघळपघळपणा परदेशी पाहुण्यांना खटके. पण बाहेरच्या त्या घोळक्यांत काय चाललं होतं ते पाहिलं, की उशिराचा अर्थ लागतो. सोव्हिएत संघात छायाप्रतींची यंत्रं कुलपात असत. परदेशी नियतकालिकं उशिरा पोचत. परदेश प्रवासाची परवानगी अनेकांना मुळीच मिळत नसे. अशा शहरात कोणाचं नवं प्रमेय आलं, कोणत्या सिद्धतेत भोक निघालं, कोणाकडे कोणती टंकलिखित प्रत आहे हे कळण्याची जागा म्हणजे सोमवारचा तो मजला होता. ग्रंथालय, टपाल आणि परिषद ही तिन्ही कामं तिथे उभ्या उभ्या होत. गेलफांड वेळेवर आले असते तर सेमिनाराचा निम्मा भाग बुडाला असता.

लोक या सेमिनाराकडे वळण्याचं याहून कडू कारणही होतं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ज्यू मुलांना मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात प्रवेश मिळणं जवळपास अशक्य झालं. तोंडी परीक्षेत त्यांना मुद्दाम असाध्य वाटणारी गणितं घातली जात. जे गणिती तयार झाले, त्यांतल्या अनेकांना विद्यापीठात नोकरी नव्हती. दिवसा कुठल्या तरी तांत्रिक संस्थेत काम करायचं आणि खरं गणित संध्याकाळी करायचं, अशी एका अख्ख्या पिढीची दिनचर्या होती. सेमिनार संध्याकाळी भरे तो यांच्याही सोयीचा होता. एडवर्ड फ्रेंकेल हे आज कॅलिफोर्नियात प्राध्यापक आहेत. १९८४ मध्ये त्यांना असंच नाकारलं गेलं, ते तेल आणि वायू संस्थेत शिकले, आणि विद्यापीठातली व्याख्यानं ऐकायला कुंपणावरून चढून जात. गेलफांड यांचा सेमिनारही त्यांनी त्याच काळात पाहिला. खुद्द गेलफांड ज्यू होते. जगभर कीर्ती असूनही सोव्हिएत विज्ञान अकादमीचं पूर्ण सदस्यत्व त्यांना १९८४ मध्ये, सत्तरी उलटल्यावर मिळालं. सहा वर्षं आधी वुल्फ पारितोषिक पहिल्यांदा दिलं गेलं, तेव्हा ते जर्मन गणिती सीगल यांच्यासह गेलफांडांना मिळालं होतं.

आता पद्धतीविषयी. वक्त्याकडे त्यांची एक मागणी ठरलेली असे: सगळ्यांत साधं, पण क्षुल्लक नसलेलं उदाहरण दाखवा. ऐकायला सोपी वाटणारी ही मागणी भल्याभल्यांना घाम फोडी. मॅट्रिक्सचंच घ्या. एक बाय एकची मॅट्रिक्स म्हणजे नुसती संख्या. दोन संख्या कोणत्याही क्रमाने गुणा, उत्तर तेच. यात शिकण्यासारखं काही नाही. शंभर बाय शंभरची घेतली तर आकडेमोडीत जीव जातो आणि कल्पना हरवते. दोन बाय दोनवर आलं, की पहिल्यांदाच गुणाकाराचा क्रम बदलल्यावर उत्तर बदलतं, आणि तरीही सगळं फळ्याच्या एका कोपऱ्यात मावतं. आपल्या सिद्धान्ताचं ‘दोन बाय दोन’ कोणतं, हे वक्त्याला सांगता आलं नाही, तर त्याला स्वतःलाच सिद्धान्त पुरता कळलेला नाही, असा गेलफांडांचा हिशेब होता.

हा हिशेब त्यांनी स्वतःच्या कामात चुकता केला होता. १९४७ मध्ये त्यांनी आणि नैमार्क यांनी लॉरेन्ट्झ समूहाच्या अनंतमितीय निरूपणांवर काम प्रसिद्ध केलं. हा समूह म्हणजे मुळात निश्चयक १ असलेल्या दोन बाय दोन संमिश्र मॅट्रिक्सचीच गोष्ट आहे. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये डिरॅक यांचे विद्यार्थी, कानपूरचे हरीश-चंद्र, याच प्रश्नावरचा प्रबंध घेऊन उभे होते. दोन देश, एकमेकांशी फारसा संपर्क नाही, आणि दोघांची सुरुवात त्याच छोट्या चौकटीपासून. पुढे हरीश-चंद्र एकट्याने खोल खणत गेले. गेलफांड मात्र माणसं गोळा करत गेले. ग्रायेव, प्यातेत्स्की-शापिरो, बर्नस्टाइन, किरिलोव, त्यांचा स्वतःचा मुलगा सर्गेइ... त्यांच्या शोधनिबंधांवर सहलेखकांची रांग असते.

ड्युसा मॅकडफ या ब्रिटिश गणिती १९६९ मध्ये सहा महिन्यांसाठी मॉस्कोत होत्या. एका अवघड प्रकारच्या ऑपरेटर बीजगणितांची अनंत उदाहरणं शोधून त्यांनी नाव कमावलं होतं. गेलफांडांनी पहिल्याच भेटीत त्यांना सांगितलं, की त्यांच्या या शोधापेक्षा त्यांचे पती अन्येन्स्की या रशियन कवीचा अभ्यास करताहेत यात आपल्याला जास्त रस आहे. मग त्यांना पुश्किन वाचायला लावला. त्या भेटीनंतर आपली गणिताकडे पाहण्याची नजरच बदलली, असं मॅकडफ यांनी पुढे मोकळेपणाने मांडलं. एवढ्या यशावर असं थंड पाणी पडूनही त्या ते कृतज्ञतेने आठवतात.

सगळ्यांनाच तसं वाटलं असेल का? गेलफांडांचा सेमिनार क्रूर होता. वक्त्याची खिल्ली उडे, त्याला अर्ध्यात बसवलं जाई, फळ्यापाशी त्याची गाळण उडे. काही चांगले गणिती एकदा आले आणि पुन्हा फिरकले नाहीत. आपल्याकडे जुन्या तालमीत उस्ताद एकाच मुखड्यावर शिष्याला तासभर अडकवत, तसाच हा प्रकार, फक्त इथे शिष्याच्या बरोबरीने पाहुणा पंडितही अडके, आणि तेही भर सभेत. ज्यांना त्यातून फळ मिळालं त्यांच्याच आठवणी छापून येतात, हे विसरून चालत नाही. थांबवणं आवश्यक होतं असं मला वाटतं, हिणवणं नव्हतं. दोन्ही एकाच माणसाच्या स्वभावातून येत होती म्हणून ती एकत्र दिसतात. पण ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य प्रेमानेही म्हणता येतं, आणि कसोटीच्या श्रोत्याची कल्पना त्यामुळे जराही बोथट होत नाही.

सेमिनाराची इतिवृत्तं अधिकृतपणे कधी निघाली नाहीत. १९६७ मध्ये गेलफांडांनी फलीय विश्लेषण आणि त्याचे उपयोग या विषयाला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. त्यात आटोपशीर टिपणांना मोठं स्थान होतं. अलेक्सांद्र बेलिन्सन यांचं १९७८ मधलं एक टिपण जेमतेम दोन पानांचं आहे, पण प्रक्षेपी अवकाशावरच्या ‘शीव्ह’ नावाच्या रचनांचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्यापासून सुरुवात करावी लागते. व्याख्यानांचा खरा दस्तऐवज जमवला तो मिखाइल शुबिन यांनी. १९६४ च्या सप्टेंबरपासून १९८९ पर्यंत, पंचवीस वर्षं, ते सोमवारी वही घेऊन बसले आणि टिपणं काढत राहिले. त्या वह्या आता क्ले गणित संस्थेने सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. कुणी नेमलेलं नसताना केलेलं हे काम मला सेमिनारातल्या कित्येक प्रमेयांइतकंच मोलाचं वाटतं.

गेलफांडांनी आणखीही दोन उद्योग चालवले. धाकटा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले आणि डॉक्टर-जीवशास्त्रज्ञांसाठी त्यांनी वेगळा सेमिनार चालवला. १९६४ मध्ये त्यांनी पत्राने गणित शिकवणारी शाळा काढली, मॉस्कोपासून दूरच्या, चांगला शिक्षक नसलेल्या गावांतल्या मुलांसाठी. उदाहरणं टपालाने जायची, मुलांनी सोडवलेली उत्तरं तपासून परत यायची. त्या शाळेसाठी लिहिलेली बीजगणिताची आणि आलेखांची पुस्तकं बारीक आहेत आणि आजही वाचण्याजोगी आहेत.

१९८९ मध्ये गेलफांड अमेरिकेला गेले आणि पुढे न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात स्थिरावले. वयाची पंच्याहत्तरी उलटली होती, तरी तिथेही त्यांनी सेमिनार सुरू केला. पण मॉस्कोतली ती खोली उचलून आणता येण्यासारखी नव्हती. अमेरिकेतल्या गणित्याला पुढच्या आठवड्यात पॅरिसला जाता येतं, हवा तो निबंध मागवता येतो, आणि अपमान सहन करून बसण्यापेक्षा शेजारच्या विद्यापीठातला सेमिनार गाठता येतो. मॉस्कोत दुसरी जागा नव्हती म्हणून लोक तिथेच येत राहिले आणि तिथेच शिकत राहिले. दारं बंद असण्याचा हा फायदा कुणी पुन्हा मागू नये. २००९ मध्ये गेलफांड न्यू जर्सीतच वारले.

तोवर त्यांच्या सोमवारांत वाढलेली माणसं जगभर पांगली होती. बर्नस्टाइन तेल अवीवला, कझ्दान हार्वर्डला, किरिलोव फिलाडेल्फियाला, कोन्त्सेविच पॅरिसजवळ. बेलिन्सन आणि द्रिनफेल्ड शिकागोला गेले. तिथे दोघांनी भूमितीय लँगलँड्स विषयाचा सेमिनार चालवला. तो सुरू व्हायची वेळ सूचनाफलकावर असायची, संपायच्या वेळेबद्दल मात्र तिथली मंडळी फारशी काटेकोर नव्हती.