माळ्यावरची फेल्ट टोपी

मराठी राजनीतीने युरोपातून आलेल्या लोकांना एक सुटसुटीत नाव दिले होते : टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही फिरंगी, इंग्रज, वलंदेज या सर्वांची गणना याच एका नावाखाली केलेली आहे. डोक्यावर काय आहे, यावरून माणूस कोणत्या पक्षाचा हे ठरविण्याचा तो काळ होता. पुढे डिचोली आणि त्यामागोमाग १७८८ मध्ये पेडणे, हे दोन्ही महाल टोपीकरांच्या राज्यात गेले. तथापि तेथील बहुसंख्य हिंदू समाजाने पागोटे काही लगेच उतरविले नाही.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताकाची स्थापना झाली आणि गोव्यातील हिंदूंना कायद्याने समान नागरिकत्व लाभले. सरकारी कचेऱ्यांची दारे उघडली. पणजीचे लिसेव, मुंबईची नोकरी आणि आफ्रिकेचा प्रवास यांबरोबर कोट आला, आणि कोटामागून फेल्टची टोपी आली. कोकणीत तिला ‘चेपें’ म्हणतात. पोर्तुगीज ‘शापेव’ या शब्दाचेच ते गोमंतकीय रूप होय. म्हणूनच पेडण्याच्या वा डिचोलीच्या एखाद्या जुन्या घरात, माळ्यावरच्या पेटाऱ्यात अशी टोपी सापडली, तर ती केवळ अडगळ नव्हे. त्या घराने कोणत्या साली कोणता उंबरठा ओलांडला, याचा तो पुरावा असू शकतो. मात्र पुराव्याला साल हवे. आणि घरातील सांगोवांगी तेथे पुरी पडत नाही.

प्रथम ती टोपी खरोखर फेल्टची आहे काय, हे पाहावे. उन्हासाठी वापरली जाणारी शोल्याची टोपी भेंडाची असते. ती कापडाने मढविलेली, कडक व वजनाला अगदी हलकी असते. फेल्ट हे विणलेले कापडच नव्हे. त्यात उभा धागा नाही, आडवा नाही. घोंगडी विणतात, पण बुरणूस लोकर दडपून करतात. फेल्टची जात बुरणुसाची. प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, वाफ आणि दाब यांनी हे खवले एकमेकांत अडकतात व केसांचा एकजीव थर बनतो. उत्तम टोपी सशाच्या किंवा बीव्हर या प्राण्याच्या मऊ लवेची असते. ती पातळ, लवचिक आणि दाबली तरी पुन्हा मूळ आकारावर येणारी असते. साध्या मेंढीच्या लोकरीची टोपी जाड व खरखरीत असते आणि पावसात भिजली की बेढब होते.

यानंतर टोपीच्या आत पाहावे, कारण टोपीचे वय तिच्या बाह्य रूपापेक्षा अंतरंगात अधिक स्पष्ट लिहिलेले असते. कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी हलक्या हाताने उलटावी. तिच्यामागे पुष्कळदा मापाची चिठ्ठी असते. माप ५७ असे असेल, तर ते सेंटिमीटरमध्ये आहे आणि टोपी युरोप खंडातील आहे. तेच डोके इंग्रज कारखानदार ७ या अंकाने दाखवितो, तर अमेरिकन कारखानदार सव्वासातांहून थोड्या कमी, म्हणजे ७ पूर्णांक एक अष्टमांश या अंकाने. एका लहानशा आकड्यावरून टोपी कोणत्या बाजारासाठी तयार झाली, ते कळते.

अस्तरावरील अक्षरे तर त्याहून बोलकी असतात. १९११ मध्ये पोर्तुगीज भाषेची लेखनपद्धती सुधारण्यात आली व अनेक जोडव्यंजने गाळली गेली. टोप्यांच्या दुकानाला ‘शापेलारिया’ म्हणतात. जुन्या पद्धतीत त्यात ‘एल’ हे अक्षर दोनदा लिहीत, नव्या पद्धतीत एकदाच. दोन ‘एल’ दिसले तर टोपी जुनी असण्याचा संभव वाढतो. निश्चिती मात्र होत नाही, कारण दुकानदार जुन्या पाट्या व जुने ठसे एका दिवसात टाकून देत नाही.

किमतीची चिठ्ठी शिल्लक असल्यास ते भाग्यच. गोव्यात १९५८ अखेरपर्यंत रुपिया हे नाणे होते; १९५९ च्या आरंभापासून एका रुपियाला सहा या दराने एस्कुदो आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेव्हा पणजीच्या वा म्हापशाच्या दुकानाची चिठ्ठी एस्कुदोत असेल, तर टोपी त्या तीन वर्षांत विकली गेली असे समजावे. मग घरात ती पणजोबांची म्हणून कितीही मिरविली जात असो. परंतु दुकान लिस्बनचे असेल तर हा नियम लागू नाही, कारण तेथे एस्कुदो १९११ पासूनच होता.

देशांची नावेही साल सांगतात. मोरावियातील न्वायटिटशाइन गावचा ह्यूकेल कारखाना १७९९ पासूनचा. त्याच्या टोपीवर ऑस्ट्रियाचे नाव असेल तर ती १९१८ पूर्वीची; चेकोस्लोव्हाकियाचे असेल तर त्यानंतरची. ‘टोनाक’ हे नाव असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची. खुद्द पोर्तुगालात साँव जुआँव द मादैरा हे शहर टोप्यांसाठी प्रसिद्ध. तेथील जुन्या कारखान्यात २००५ पासून टोपीचे संग्रहालय आहे.

बाह्य आकाराचा पुरावा सर्वांत शेवटी घ्यावा. रुंद काठ व रुंद फीत १९४० च्या सुमारास रूढ होती. १९५० नंतरच्या दशकात काठ अरुंद आणि फीत बारीक होत गेली. पण वाफेने माथ्याची घडी बदलता येते, फीत नवी लावता येते. म्हणून एक नियम ध्यानात असावा : टोपी तिच्या सर्वांत नव्या मूळ भागाहून जुनी असू शकत नाही. भिंतीवरील छायाचित्राशी ताडून पाहतानाही फितीची रुंदी, गाठीची बाजू व काठाची शिलाई जुळते काय, ते पाहावे. जुन्या वस्तूंच्या बाजारात तर ही सावधगिरी अधिकच हवी; टोपी विकत घेताना टोपी घातली जाण्याचा धोका असतो!

आणखी एक धोका खराखुरा आहे. लव दडपण्यापूर्वी तिच्यावर पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण चोळीत. त्या विषाने टोप्या करणाऱ्या कारागिरांचे हातपाय कापू लागत व बुद्धीही भ्रमिष्ट होई. अमेरिकेत ही रीत डिसेंबर १९४१ मध्ये बंद झाली. जुन्या टोपीत पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो. म्हणून ती मुलांना खेळायला देऊ नये, घरात झटकू नये आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

गोव्याचा पावसाळा फेल्टचा वैरी आहे. बुरशी आणि कसर ही त्याचीच भावंडे. टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, काठावर उभी ठेवू नये. माथा खाली करून, आत मऊ कागद भरून, कोरड्या हवेशीर जागी ठेवावी. दरवर्षी चवथीपूर्वी घरे झाडली जातात, आणि वापरात नसलेल्या वस्तू प्रथम बाहेर पडतात. त्या दिवशी टोपीबरोबर एक कागदाची चिठ्ठी ठेवली तरी पुरे : कोणाची, कोठून आणली, कोणी सांगितले. अस्तर दुकानाचे नाव सांगेल, नाणे वर्ष सांगेल. पण ती कोणाच्या डोक्यावर होती, हे सांगणारी माणसे प्रत्येक पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.