पोचा गाडीचा, हिशेब घरचा

दसऱ्याला मोठ्या हौसेने गाडीला झेंडूची माळ घालावी आणि दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत कुणीतरी मागच्या बाजूला पोचा पाडून निघून जावे, हा अनुभव शहरातल्या घरांना आता नवा राहिलेला नाही. मग रात्री पानावर चर्चा रंगते. "दर वर्षी विम्याचे पैसे भरतो ना? मग घ्या की वसूल करून!" असे एक पक्ष म्हणतो, "एवढ्याशासाठी कशाला?" असे दुसरा. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. कागद-पेन्सिल मात्र कुणीच हाती घेत नाही. वास्तविक हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल.

विम्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या गाडीमुळे इतरांचे नुकसान झाल्यास त्याच्या भरपाईचा. तो कायद्याने सक्तीचा. दुसरा, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. वर्षभर क्लेम केला नाही, तर या दुसऱ्या भागावर 'नो क्लेम बोनस' म्हणजे सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम केला की साध्या पॉलिसीत ही सूट शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

समजा, गाडी पाचव्या वर्षात आहे, सूट ४५ टक्क्यांवर पोचली आहे आणि स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे. प्लॅस्टिकचा नवा बंपर ६,००० आणि रंगकाम ४,००० असे बिल झाले. प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे हाती ३,०००. रंगकामातील चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ३,५००. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये मालकानेच सोसायचे. उरले ५,५००.

आता दुसरी बाजू. क्लेम न केल्यास पुढे दर वर्षी निम्माच हप्ता भरायचा. केल्यास मात्र पुढील पाच वर्षांत अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जादा जातात, एकूण १२,५००! गाडीची किंमत घटेल तसा हप्ता थोडा कमी होईल, हे खरे. तरीही साडेपाच हजारांसाठी हा सौदा महागच. गाडी पहिल्याच वर्षात असेल, तर हाच तोटा सुमारे ५,००० रुपयांचा. घसारा न कापणारी किंवा बोनस राखणारी जादा कलमे पॉलिसीत असतील, तर गणित बदलते. म्हणून आधी पॉलिसी वाचावी.

परंतु काटकसरीच्या भरात भलताच धोका पत्करू नये. नुकसान मोठे असेल, कुणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या वाहनाचे नुकसान झाले असेल, तर विमा कंपनीला ताबडतोब कळवलेच पाहिजे. तिथे बोनसचा विचार करणे म्हणजे छत्री भिजेल म्हणून पावसात ती मिटून ठेवणे होय.

आणखी एक मोह टाळावा. एखादा गॅरेजवाला हळूच सुचवतो, "साहेब, डावीकडचा जुना ओरखडाही यातच दाखवू." वेगवेगळ्या दिवशी झालेले नुकसान हे वेगवेगळे क्लेम असतात. फॉर्मवर खोटी तारीख लिहिली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. शिवाय शेजारी बसलेली मुले हे सारे ऐकत असतात, ते निराळेच!

शेवटी एक लक्षात ठेवावे: हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली, तरी तो आपल्याबरोबर येतो. मात्र पॉलिसीची मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही, तर तो बुडतो. पाच वर्षांच्या सांभाळून गाडी चालवण्याची ही कमाई एका पोच्यापायी घालवायची की नाही, ते घरातल्या सर्वांनी मिळून, बिल समोर ठेवून ठरवावे.