उन्हाने नेलेल्या पाण्याचा हिशेब

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ऊन आणि वारा यांची ददात नाही. म्हणून तर महानिर्मितीने शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला आणि ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा लागल्या. पण जे ऊन-वारं वीज देतं, तेच पांझरा-कानच्या खोऱ्यातलं पाणीही नेतं. मालनगाव, लाटीपाडा, जामखेली, अक्कलपाडा, धरण कोणतंही असो. उन्हाळ्यात पाटाला पाणी सोडलं नाही तरी पातळी उतरतच राहते.

वाफ व्हायला पाणी उकळावंच लागतं असं नाही. पृष्ठभागावरचे जास्त ऊर्जेचे रेणू कोणत्याही तापमानाला निसटतात आणि जाताना उष्णता घेऊन जातात. झिरपणाऱ्या माठातलं पाणी गार राहतं ते यामुळेच. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते; तलावाला ती ऊन पुरवतं. पृष्ठभागालगतची दमट हवा वारा हटवतो आणि तिथे कोरडी हवा आणतो. आषाढात वारा जोरात असला तरी हवा ओलसर असते, म्हणून पाणी कमी उडतं. एप्रिल-मे महिन्यांत ऊनही कडक आणि हवाही कोरडी.

एक हेक्टर पाण्यावरून एक मिलिमीटर थर उडाला, तर दहा हजार लिटर गेले. शंभर हेक्टरांचा तलाव आणि दिवसाला आठ मिलिमीटर असं धरलं, तर रोजचे ८० लाख लिटर होतात. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने ते जवळपास एक लाख ४५ हजार लोकांचं एका दिवसाचं पाणी आहे.

‘पैसा हवेत विरला’, ‘आश्वासन हवेत विरलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुठे गेलं याचा पत्ता नसतो आणि जबाबदारही कोणी नसतो. पाण्याच्या बाबतीत ही सबब चालत नाही. हवामान केंद्रावर सुमारे १.२ मीटर व्यासाचं आणि २५ सेंटीमीटर खोलीचं धातूचं उघडं पात्र असतं. त्यातली रोजची घट मोजतात. पात्र तलावापेक्षा जास्त तापतं, म्हणून त्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणलं की तलावाचा अंदाज मिळतो. तलावातली घट त्याहून बरीच जास्त निघाली, तर गळती, पाझर किंवा चोरटा उपसा शोधायला हवा. सगळं खापर उन्हावर फोडता येत नाही.

मग वाचवायचं कसं? पांझरेच्या जुन्या फड पद्धतीत ठेंगण्या बंधाऱ्याने पाणी वळवून थेट शेतात नेत. मोठा साठा उन्हात ठेवायची वेळच येत नसे. शेततळ्यातला प्लास्टिक कागद पाझर थांबवतो, बाष्पीभवन नाही. तेवढंच पाणी पसरट तळ्याऐवजी खोल तळ्यात साठवलं, तर उघडा पृष्ठभाग कमी होतो. तळ्यावर सौर पॅनेल तरंगत ठेवली, तर सावलीही मिळते आणि वीजही.

सगळ्यात सुरक्षित साठा मात्र जमिनीखालचा. धुळे जिल्ह्यातल्याच शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्यावर भर दिला. साक्रीतल्या बारीपाड्याने दुसरी वाट धरली. २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेले चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं. झाडं स्वतःही पाणी हवेत सोडतात, पण पालापाचोळ्याने झाकलेल्या जमिनीत पाऊस वाहून न जाता मुरतो.

मुरलेलं पाणी उन्हापासून वाचतं, मोटारपंपापासून नाही. म्हणून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडताना पाऊस आणि पिकं यांच्या जोडीला दोन रकाने हवेत: एक उन्हाने नेलेल्या पाण्याचा, दुसरा आपण उपसलेल्या पाण्याचा. पहिला आकडा आपल्याला थोडाच कमी करता येईल. दुसरा पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि वाद होणार तो त्याच्यावरच.