गिरणीतील पट्टा : बिघाडाचे निदान व प्रतिबंध (करी रोड–परळ गिरणगावाच्या संदर्भात)

कारखान्यातील पट्टा म्हटला की आज बहुधा माल वाहून नेणारा कन्व्हेयरच डोळ्यांपुढे येतो. करी रोड, परळ, लालबाग या गिरणगावात मात्र पट्ट्याचे मुख्य काम शक्ती वाहून नेण्याचे होते. वाफेच्या एंजिनावर, आणि १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईस मिळू लागल्यावर मोठ्या मोटरीवर, छताखालील लाइन शाफ्ट फिरे. त्यावरील पुलीवरून उतरलेला चामडी पट्टा खालचा माग चालवी. माल वाहणारा पट्टाही गिरणीत होताच : ब्लोरूममध्ये कापूस पुढे सरकविणारी लाकडी पट्ट्यांची लॅटिस हा त्याचाच प्रकार. पुढे यंत्रागणिक स्वतंत्र मोटरी आल्या व लाइन शाफ्ट मागे पडला; १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. तथापि या दोन्ही पट्ट्यांचे बिघाड एकाच कुळातले असल्याने गिरणीतील निदानपद्धती आजच्या कन्व्हेयरलाही उपयोगी पडते.

सर्वांत परिचित तक्रार पट्टा पुलीवरून उतरण्याची. अशा वेळी प्रथम दोष पट्ट्यालाच दिला जातो, आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. संपूर्ण पट्टा नेहमी एकाच ठिकाणी, एकाच बाजूस सरकत असेल, तर शाफ्ट किंवा पुली तिरकी झाली आहे असे समजावे. उलट पट्ट्याचा एखादाच भाग प्रत्येक फेऱ्यात सरकत असेल, तर दोष पट्ट्यात, विशेषतः काटकोनात न जोडलेल्या सांध्यात, शोधावा. पुलीचा मध्य किंचित उंच ठेवलेला असतो. सपाट पट्टा मोठ्या व्यासाकडे चढत जातो आणि म्हणून मध्यावर टिकतो. (प्रथमदर्शनी हे उलटच वाटते.) परंतु ही उंची अल्प विचलनच सावरते. शाफ्ट तिरका असेल, तर दोरी लावून तो सरळ करण्यावाचून गत्यंतर नाही. कन्व्हेयरमध्ये पट्टा रोलरच्या ज्या टोकास आधी स्पर्श करतो, त्या टोकाकडे सरकतो. तेथेही दुरुस्ती रोलरची करावयाची असते, पट्टा नुसता ताणून काही साधत नाही.

दुसरा बिघाड घसरण्याचा. मागावरील विणकराची मजुरी उत्पादनावर ठरत असे. पट्टा घसरला की मागाची गती मंदावे आणि त्याची झळ त्याच्या पगारास बसे. सूतकताईत चाती फिरविणारी फीत घसरली तर सुतास पीळ कमी बसतो व सूत दुबळे निघते. चामडे दमट हवेत सैलावते. मुंबईच्या पावसाळ्यात, त्यातही मुद्दाम दमट ठेवलेल्या विणकामखात्यात, ही अडचण वाढणे स्वाभाविकच. यावरचा सोपा उपाय म्हणजे राळ चोळणे. तिने तात्पुरती पकड येते, पण पुढे पट्ट्याचा पृष्ठभाग गुळगुळीत व कडक होऊन तो तडकतो. योग्य उपाय म्हणजे पट्टा कापून आखूड करणे, सांधा नव्याने विणणे व चामडे एरंडेलाने मऊ राखणे. आडव्या मांडणीत सैल बाजू वर ठेवल्यास पट्टा पुलीस अधिक वेढतो आणि घसरण आपोआप घटते.

मात्र पट्टा कापायचा तर यंत्र थांबवावे लागते, आणि थांबलेले यंत्र कोणासच परवडत नाही. चालत्या पुलीवर पट्टा चढविण्याचा मोह येथूनच उद्भवतो व अपघाताचे मूळही येथेच असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमाने हे काम खास प्रशिक्षित, घट्ट कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगारापुरते मर्यादित केले होते. शिवाय पट्टा १५ सेंटिमीटरांहून रुंद नसावा, सांधा विणलेला वा पृष्ठभागाशी समतल असावा, पायास व हातास पक्का आधार असावा आणि शिडी घट्ट बसविलेली किंवा दुसऱ्याने धरलेली असावी, अशा अटी होत्या. २४ व्या कलमाने तर वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकू देण्यासही मनाई केली होती. असा पट्टा अवचित शाफ्टभोवती गुंडाळला जाऊन जवळच्या माणसास ओढून घेऊ शकतो.