माळ्यावरची ट्रंक

लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांच्या खोल्या असत. दहा बाय बाराच्या एकेका खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगार. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी वळकटी पसरायचा. झोपायची जागा बदलती. आपली म्हणावी अशी एकच वस्तू, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. माझे अब्बा साचेखात्यात होते. महिनाभर गावी जाऊन आले तरी ट्रंक जिथल्या तिथे असे.

संगणकातला 'कंटेनर' मला याच खोलीवरून उमगला. 2013 साली आलेलं डॉकर हे अशा पेट्या चालवणारं साधन. प्रोग्राम आणि त्याला लागणारा सगळा सरंजाम एका पेटीत बांधायचा. मग ती या संगणकावरून त्या संगणकावर सहज हलते. पेटी जुनी झाली की दुरुस्त करत बसत नाहीत, काढून टाकतात आणि नवी उभी करतात. नुसती थांबवली तर आतलं लिखाण राहतं. काढून टाकली, की तेही गेलं!

म्हणून टिकवायचा मजकूर 'व्हॉल्यूम'मध्ये ठेवतात. तो पेटीबाहेर, संगणकाच्या डिस्कवर असतो आणि डॉकर त्याचा हिशेब ठेवतं. पेटीतल्या एखाद्या फोल्डरच्या जागी तो जोडला की प्रोग्रामला वाटतं, आपण घरातच लिहितो आहोत. पेटी बदलली तरी तोच व्हॉल्यूम नवीला जोडता येतो.

ट्रंकेवर नाव रंगवलेलं असे, ते उगाच नव्हे. बेनामी बोचकं माळा साफ करताना आधी जातं. इथेही तसंच. व्हॉल्यूमला नाव दिलं नाही, तर डॉकर स्वतःच एक लांबलचक, निरर्थक नाव देतं, आणि वापरात नसलेले असे बेनामी व्हॉल्यूम साफसफाईच्या आज्ञेने पुसले जातात. 2023च्या तेविसाव्या आवृत्तीपूर्वी तीच आज्ञा वापरात नसलेले नाववालेही पुसून टाकी.

एवढं करूनही डिस्क बिघडली तर व्हॉल्यूम तिच्याबरोबर बुडतो. पुष्कळांना व्हॉल्यूम म्हणजेच सुरक्षित प्रत वाटते, ती नव्हे. आमच्या काही दिवंगत कवीमित्रांच्या कविता कुठे छापल्याच गेल्या नाहीत. त्या आता एका तरुणाने उभ्या केलेल्या संकेतस्थळावर आहेत. त्याला मी दोनच प्रश्न विचारले: व्हॉल्यूमचं नाव काय, आणि प्रत कुठे? नाव त्याने लगेच सांगितलं. प्रत आता रोज रात्री गिरगावातल्या दुसऱ्या संगणकावर जाते.